घड्याळ लावून वाचताना

‘सगळं येत होतं, पण वेळ पुरला नाही.’ प्रवेश परीक्षेच्या केंद्राबाहेर ताटकळलेल्या पालकांना दरवर्षी हेच वाक्य ऐकायला मिळते. घरी पोहोचल्यावर उपाय सुरू होतात. कोणी मुलाला ‘स्पीड रीडिंग’च्या वर्गात घालते, कोणी स्मरणशक्तीच्या औषधाची बाटली आणते, कोणी सराव परीक्षांचा आणखी एक संच विकत घेते. डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर हा निदानाआधीच औषध सुरू करण्याचा प्रकार आहे. ताप हे लक्षण असते. त्यामागचा आजार मलेरिया आहे, टायफॉइड आहे की घसा सुजला आहे, हे आधी पाहावे लागते. ‘वेळ न पुरणे’ हेही असेच एक लक्षण आहे. त्यामागे शब्दांची उणीव असेल, विषयाची अनोळख असेल, चष्म्याचा नंबर, कमी हिमोग्लोबिन, अपुरी झोप, भीती किंवा डिस्लेक्सिया असेल. कारण न शोधता नुसता वेग वाढवायला गेलो, तर मूल त्याच चुका अधिक वेगाने करू लागते.

माझे म्हणणे थोडक्यात असे: ठरलेल्या वेळेत उतारा वाचून उत्तरे देण्याचे कौशल्य डोळे पळवून येत नाही. समज वाढली की वेग मागोमाग येतो, आणि शरीर ठीक असेल तरच ती समज दोन-तीन तास टिकते.

परीक्षा काय मागतात?

बारावीनंतरच्या बहुतेक प्रवेश परीक्षा आता वाचनाच्याही परीक्षा झाल्या आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत प्रवेश देणारी ‘क्लॅट’ २०२० पासून जवळपास पूर्णपणे उताऱ्यांवर आधारलेली आहे. एक उतारा साधारण ४५० शब्दांचा, आणि १२० मिनिटांत १२० प्रश्न. केंद्रीय विद्यापीठांसाठीच्या ‘सीयूईटी’त भाषेच्या पेपरमध्ये उताऱ्यांना मोठे स्थान आहे. २०२५ मध्ये या पेपरला ६० मिनिटांत ५० प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. ‘नीट’मध्ये उतारे नसतात, पण लांबलचक विधाने, विधान-कारणाचे प्रश्न आणि जोड्या लावा यांमुळे तेथेही वाचनाचा कस लागतो. २०२५ पासून ‘नीट’ पुन्हा १८० मिनिटांत १८० प्रश्नांवर आली. त्याआधीची काही वर्षे मिळणारी जादा २० मिनिटे आणि काही प्रश्न सोडून देण्याची मुभा, दोन्ही गेले. आपल्या ‘एमएचटी-सीईटी’त जीवशास्त्राचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, एका प्रश्नाला ५४ सेकंद.

हे आकडे पाहून धसका घेण्याचे कारण नाही. जरा हिशेब करू. ४५० शब्दांचा उतारा आणि त्यावर सहा प्रश्न, यासाठी सहा मिनिटे आहेत असे धरा. मिनिटाला १०० शब्द वाचणाऱ्या मुलाची साडेचार मिनिटे वाचनातच जातात आणि प्रत्येक प्रश्नाला उरतात १५ सेकंद. तोच मुलगा १५० शब्दांवर आला तर वाचन तीन मिनिटांत होते आणि प्रश्नाला ३० सेकंद मिळतात. २२५ शब्दांवर आला तर ४० सेकंद. म्हणजे पहिल्या टप्प्यात दीड मिनिट वाचले, दुसऱ्यात एकच मिनिट. आणि २२५ वरून थेट ४५० वर उडी मारली तरी आणखी एकच मिनिट हाती लागते. खरा फायदा संथ वाचणाऱ्याने मध्यम गतीवर येण्यात आहे. मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवणाऱ्या जाहिरातीची गरजच कुठे उरते?

डोळे उड्या मारतात

आपण वाचतो तेव्हा नजर ओळीवरून सरळ घसरत जाते असे वाटते. प्रत्यक्षात ती बारीक बारीक उड्या मारत जाते. एमिल जावाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, याचा अभ्यास चालू आहे. इंग्रजी मजकुरात एक उडी साधारण सात ते नऊ अक्षरांची असते. प्रत्येक उडीनंतर नजर सुमारे पाव सेकंद थांबते आणि त्या थांब्यातच मजकूर मेंदूपर्यंत पोहोचतो. उडी चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. स्पष्ट दिसण्याचा भागही डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर एवढासाच असतो. त्यामुळे ‘एका नजरेत अख्खा परिच्छेद’ हा दावा डोळ्याच्या रचनेतच बसत नाही.

२०१६ मध्ये कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान वाचनावरच्या संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला. निष्कर्ष सरळ होता: वेग आणि समज यांच्यात देवघेव असते, वेग दुप्पट-तिप्पट केला की समज घसरते. वाचताना मनातल्या मनात उमटणारा आवाज बंद करा, असा सल्ला हे वर्ग देतात. तो आवाज दाबला की अवघड मजकूर कळेनासा होतो. मागे वळून पुन्हा पाहू नका, हाही तसाच सल्ला. चांगला वाचकसुद्धा दहातल्या एखाद्या उडीला मागे वळतो, कारण वाक्याचा अर्थ जुळवायला त्याची गरज असते.

इंग्रजीच मातृभाषा असलेली प्रौढ माणसे माहितीपर मजकूर मनात वाचताना मिनिटाला सरासरी २३८ शब्द वाचतात, असे १९० अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये दाखवण्यात आले. दुसऱ्या भाषेतले वाचन त्याहून संथच असणार. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने इंग्रजी उतारा १५० ते १८० च्या गतीने समजून वाचला, तर त्याने कमीपणा मानण्याचे कारण नाही.

मग वेळ जातो कुठे?

वेळ जातो तो अर्थ लावण्यात. मेंदूची हाताशी असलेली पाटी फार लहान असते. एका वेळी तीन-चार गोष्टीच तिच्यावर मावतात. वाक्यातला एखादा शब्द अडला की त्याच्याशी झटापट करण्यात ती पाटी भरून जाते आणि वाक्याचा आरंभ पुसला जातो. मग मूल पुन्हा वाक्याच्या सुरुवातीला जाते. असे दहा ठिकाणी झाले की दोन मिनिटे गेली.

दुसरी गोष्ट म्हणजे विषयाची ओळख. १९८८ मध्ये अमेरिकेत रेश्ट आणि लेस्ली या संशोधकांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची, पण बेसबॉलची माहिती असलेली मुले, वाचनात पक्क्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे हेच कांद्याच्या निर्यातशुल्कावरच्या उताऱ्याबाबत होईल. पारनेर-नगरच्या बाजार समितीत वडिलांबरोबर गोण्या उतरवलेल्या मुलीला तो उतारा भराभर उमजेल. शहरातल्या चांगल्या शाळेतला मुलगा तेथे अडखळेल. चलनविषयक धोरणाचा किंवा एखाद्या घटनात्मक वादाचा उतारा आला की उलट होईल. आकलन हे वाचलेल्या, ऐकलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टींच्या साठ्यावर उभे असते. हा साठा परीक्षेआधीच्या पंधरवड्यात भरता येत नाही. पण वर्षभरात निश्चित भरता येतो.

घरच्या घरी निदान

पालकांनी एक साधी चाचणी करून पाहावी. खर्च काहीच नाही. साधारण ४०० शब्दांचा एक मराठी आणि तेवढाच एक इंग्रजी मजकूर घ्या. वर्तमानपत्रातला लेख चालेल. मुलाला नेहमीच्या गतीने वाचू द्या, वेळ टिपा. मग कागद उलटा ठेवून तीनच प्रश्न विचारा: लेख कशाबद्दल आहे? लेखकाचे म्हणणे काय? त्यासाठी त्याने कोणते कारण दिले? उत्तरे आली नाहीत तर टिपलेल्या वेळेला अर्थ नाही.

मराठी झटपट आणि इंग्रजी संथ, असे दिसले तर अडचण इंग्रजी शब्दांची आहे. तेथे वेगाचा क्लास लावणे व्यर्थ. रोज थोडे इंग्रजी वाचणे हाच उपाय.

दोन्ही संथ असतील तर तीन गोष्टी पाहाव्यात: वाचनाची सवय आहे का, डोळे ठीक आहेत का आणि लहानपणापासून अक्षरांची, शुद्धलेखनाची विशेष अडचण आहे का.

निवांतपणे वाचताना दोन्ही नीट जमते, पण समोर घड्याळ ठेवले की सगळे कोलमडते, असे असेल तर भीती आणि सरावाची कमतरता यांवर काम करावे लागेल.

आणि पहिल्या तासात उत्तम, दुसऱ्या तासात चुकाच चुका, असे सराव परीक्षांतून दिसत असेल तर मूल थकते आहे. झोप, जेवण, रक्त आणि डोळे यांची चौकशी तेथून सुरू करावी.

बहुतेक मुलांत यातली दोन कारणे एकत्र सापडतील. तरीही कोणते मोठे आहे हे कळले की पुढची वाट सोपी होते.

सराव कसा करावा?

पहिले दोन-तीन महिने घड्याळ बाजूला ठेवावे. रोज एक उतारा, पूर्ण समजेपर्यंत. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून त्याचा सारांश तीन वाक्यांत स्वतःच्या शब्दांत लिहावा. मराठीत लिहिला तरी हरकत नाही. या मिटून आठवण्याला मोठे शास्त्रीय पाठबळ आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना उतारे दिले होते. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. याउलट, पिवळ्या-गुलाबी पेनने ओळी रंगवण्याचा उपयोग फारच कमी, असे अभ्यासपद्धतींच्या २०१३ मधील एका मोठ्या आढाव्यात दिसून आले. ओळ रंगवली की काम झाल्यासारखे वाटते, एवढेच.

त्यानंतर घड्याळ आणावे, पण हळूहळू. आठ मिनिटांत एक उतारा सुटतो आहे असे दिसले की सात, मग सहा. बरोबर उत्तरांचे प्रमाण घसरले की थांबावे आणि आठवडाभर त्याच वेळेवर राहावे. फिजिओथेरपिस्ट गुडघा वाकवायला जसे रोज थोडे थोडे पुढे नेतो, तसेच हे आहे.

चुकांची वही ठेवावी. बरोबर उत्तर काय होते हे लिहून भागत नाही. आपले का चुकले ते लिहावे. ‘नाही’ हा शब्द नजरेतून सुटला, उताऱ्यात नसलेली माहिती स्वतःच्या डोक्यातून घातली, लेखकाचे मत आणि लेखकाने खोडलेले मत यांत गल्लत झाली, दोन पर्यायांतला जास्त ठाम पर्याय निवडला. महिनाभरात दिसेल की आपल्या चुका तीन-चारच प्रकारच्या आहेत.

आणखी एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. परीक्षा कागदावर आहे की संगणकावर? ‘नीट’ आणि ‘क्लॅट’ कागदावर होतात, ‘एमएचटी-सीईटी’ आणि ‘सीयूईटी’ संगणकावर. २०१८ मध्ये ५४ अभ्यास आणि १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर जास्त समजतो आणि वेळेचे बंधन असेल तर हा फरक आणखी वाढतो, असे त्यात आढळले. म्हणून समज कागदावर पक्की करावी. परीक्षा संगणकावर असेल तर शेवटच्या दोन महिन्यांत सराव संगणकावरच करावा. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर केलेला सराव या दोन्हींत बसत नाही.

परीक्षेच्या दालनात

आधी प्रश्न वाचावेत की उतारा, यावर क्लासवाल्यांची तावातावाने मते आहेत. मला मधला मार्ग पटतो. प्रश्नांवरून एक नजर टाकावी, पर्याय मात्र वाचू नयेत. चार पर्यायांतले तीन चुकीचे असतात. ते आधीच डोक्यात भरून उतारा वाचला तर ती लहानशी पाटी चुकीच्या माहितीने भरते. नंतर उतारा एकदा, नेहमीच्या गतीने, अर्थ लावत वाचावा. ‘परंतु’, ‘तथापि’, ‘म्हणून’ अशा शब्दांपाशी सावध व्हावे, कारण युक्तिवाद तेथे वळण घेतो. इंग्रजी उताऱ्यात ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’ यांचे काम तेच. अडलेल्या शब्दाशी झगडू नये; पुढचे वाक्य बहुधा त्याचा अर्थ सांगून जाते.

पेपर दोन फेऱ्यांत सोडवावा. पहिल्या फेरीत ओळखीचे उतारे, दुसरीत अवघड. एका प्रश्नावर दीड मिनिट गेले की खूण करून पुढे सरकावे. कागदावरच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेतले गोल भरणे शेवटच्या दहा मिनिटांसाठी ठेवू नये; घाईत एक ओळ चुकली की पुढची सगळी उत्तरे चुकतात.

निगेटिव्ह मार्किंगची भीतीही आकड्यांत तपासून पाहावी. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक गुण वजा. चारपैकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तर उरलेल्या दोनांतून निवडताना सरासरीने प्रत्येक प्रश्नामागे दीड गुणाचा फायदा आहे. अशा वेळी प्रश्न कोरा सोडणे तोट्याचे. काहीच खोडता येत नसेल तर फायदा पाव गुणाचा, म्हणजे नगण्य. तेथे वेळ घालवू नये. ‘एमएचटी-सीईटी’त चुकीला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे तेथे एकही प्रश्न रिकामा ठेवू नये.

शरीराकडे लक्ष

आता माझ्या विषयाकडे येतो. पहिली तपासणी डोळ्यांची. शाळेतल्या तपासणीत बहुधा दूरचा तक्ता वाचून घेतात. दूरचे उत्तम दिसणाऱ्या मुलालाही प्लस नंबर असू शकतो. त्याचे डोळे जवळचे वाचताना सतत ताण देऊन काम भागवतात आणि तासाभरात कपाळ दुखू लागते, अक्षरे पुसट होतात किंवा ओळी एकमेकींत मिसळतात. दोन्ही डोळे जवळच्या अक्षरावर एकत्र वळवण्यात अडचण असली तरी असेच होते. ‘अभ्यासाला बसले की याचे डोके दुखते’ हे नेहमीच निमित्त नसते. बारावीच्या मुलाची जवळची आणि दूरची अशी दोन्ही नजर नेत्रतज्ज्ञाकडून एकदा तपासून घ्यावी. जिल्हा रुग्णालयात आणि उपजिल्हा रुग्णालयांत ही सोय आहे.

दुसरी तपासणी रक्ताची, विशेषतः मुलींच्या. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आहे. मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के आहे. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीला धाप लागण्याआधी थकवा येतो आणि लक्ष टिकत नाही. घरचे तिला आळशी म्हणतात. शाळांतून आठवड्याला मिळणारी लोह-फॉलिक ॲसिडची निळी गोळी अनेक घरांत कपाटात पडून राहते. ती जेवणानंतर घ्यावी, तिच्या मागेपुढे तासभर चहा टाळावा. हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण उपचार घ्यावेत. तीन-चार महिने लागतात. म्हणून हे काम एप्रिलमध्ये सुरू करून मे महिन्याच्या परीक्षेला उपयोग नाही. दिवाळीच्या सुमारास करावे.

तिसरी गोष्ट झोप. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते, असे निद्राविज्ञानाच्या तज्ज्ञांचे एकमत आहे. रात्री दोनपर्यंत जागून पहाटे सहाच्या क्लासला धावणारे मूल रोज चार तासांचे कर्ज काढते. वाचलेले पक्के होते ते झोपेतच. अकोले, जामखेड किंवा पाथर्डीच्या टोकाकडून पहाटेची एसटी पकडून परीक्षेला जायचे असेल, तर शक्य त्यांनी आदल्या दिवशीच केंद्राच्या गावी मुक्काम करावा. ती एक झोप शेवटच्या रात्रीच्या दहा धड्यांपेक्षा मोलाची आहे.

चौथी गोष्ट भीती. छाती धडधडणे, हात थंड पडणे, समोरचे अक्षर न उमगणे ही शरीराची नेहमीची प्रतिक्रिया आहे. मिनिटभर श्वास सावकाश सोडला, सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा जास्त ठेवला, की ती ओसरते. हा सरावही सराव परीक्षेतच करावा. धडधड थांबवण्याची गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेणे धोक्याचे आहे. प्रोप्रानोलॉलसारख्या गोळीने दम्याच्या मुलाचा दमा उसळू शकतो. एनर्जी ड्रिंकही नको. झोप उडते, हात थरथरतात आणि लघवीला सारखे उठावे लागते. भीती आठवडेच्या आठवडे टिकत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, मूल ‘काही अर्थ नाही’ असे बोलू लागले असेल तर वाट पाहू नका. शासकीय रुग्णालयांतले किशोरवयीनांसाठीचे ‘मैत्री’ क्लिनिक आणि १४४१६ हा ‘टेलिमानस’चा मोफत क्रमांक यासाठीच आहेत.

ज्यांना खरोखर जास्त वेळ हवा

काही मुले कितीही सराव केला तरी संथच वाचतात. बुद्धी उत्तम, तोंडी उत्तरे चोख, पण अक्षरे आणि उच्चार यांची सांगड घालायला मेंदूला जास्त वेळ लागतो. हा डिस्लेक्सिया. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने अशा अध्ययन-अक्षमतेला २१ दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र उमेदवाराला दर तासाला किमान २० मिनिटे जास्त मिळतात. तीन तासांच्या पेपरला एक तास. ही सवलत म्हणजे मेहेरबानी नाही. चष्मा लावून परीक्षा देणाऱ्याला आपण सवलत घेतली असे म्हणत नाही.

अडचण अशी की ही मुले वेळेत ओळखली जात नाहीत. इंग्रजी माध्यमातल्या शहरी मुलाची चाचणी होते. झेडपीच्या शाळेतल्या मुलाला ‘मंद’ म्हणून मागच्या बाकावर बसवले जाते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही उपलब्ध आहे, हे शिक्षकांपर्यंत पोहोचायला हवे. तपासणी, मानसशास्त्रीय चाचण्या आणि प्रमाणपत्र यांना वेळ लागतो. परीक्षेच्या आठ दिवस आधी दाखला मागितला तर कोणतेही रुग्णालय तो प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. शंका असेल तर दहावीच्या आधीच यावे.

परीक्षा घेणाऱ्यांना आणि शाळांना

सगळा भार मुलांवर टाकून भागणार नाही. आपल्याला समज मोजायची आहे की घाई, हा प्रश्न परीक्षा घेणाऱ्यांनी स्वतःला विचारावा. ‘क्लॅट’ने आणि आपल्या राज्याच्या पाच वर्षांच्या विधी सीईटीने २०२४ च्या परीक्षेपासून प्रश्न १५० वरून १२० केले आणि वेळ दोन तासच ठेवला, ही दिशा योग्य आहे. अमेरिकेच्या ‘सॅट’ परीक्षेने संगणकावर जाताना लांब उतारे काढून टाकले. तेथे आता २५ ते १५० शब्दांचा मजकूर आणि त्यावर एकच प्रश्न असतो. लांब मजकुरात धागा धरून ठेवण्याची कसोटी त्यात हरवते, असा आक्षेप घेता येईल, आणि तो रास्त आहे. माझे मत विचाराल तर लांब उतारे राहावेत, पण वेळ वाढावा. डॉक्टर, वकील किंवा अधिकारी झाल्यावर या मुलांना लांब अहवाल शांतपणे वाचून निर्णय घ्यायचे आहेत. औषधाच्या मात्रेची ओळ घाईने वाचणारा डॉक्टर कोणाला हवा?

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ‘सीयूईटी’च्या १३ भाषांत मराठी आहे, ‘नीट’ मराठीतून देता येते आणि राज्याच्या विधी सीईटीची प्रश्नपत्रिकाही मराठीत असते. ही दारे उघडी आहेत हे बारावीच्या वर्गात सांगितले गेले पाहिजे. ‘सीयूईटी’साठी मात्र आपल्याला हव्या त्या अभ्यासक्रमाला कोणती भाषा लागते, हे आधी पाहून घ्यावे.

शाळांनी दिवसातली २० मिनिटे मूक वाचनाला द्यावीत. पाठ्यपुस्तक नको, काहीही, कोणत्याही भाषेतले. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे आपल्याकडे गावोगावी अनुदानित वाचनालये उभी राहिली. नगरचे जिल्हा वाचनालय तर दीडशेहून अधिक वर्षे जुने आहे. तेथे सकाळी वर्तमानपत्रे चाळणाऱ्या आजोबांच्या शेजारी अकरावीची दोन मुले बसलेली दिसली, तर हजारो रुपयांच्या स्पीड रीडिंगच्या वर्गाची गरज पडणार नाही.

या वर्षी ज्यांच्या घरी परीक्षा आहे त्यांनी आजच तीन कामे करावीत: वर सांगितलेली दोन मजकुरांची चाचणी, डोळ्यांची तपासणी आणि हिमोग्लोबिन. क्लासचा नवा हप्ता भरण्याचा विचार त्यानंतर करावा.